आमच्या सोसायटीतला ओला कचरा

परवा परभणीत वसमत रोडवरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात आधार कार्डाची प्रत काढायला उभा होतो. सेमिस्टर संपत आलेलं, त्यामुळं दुकानात लग्नघरासारखी गडबड. माझ्यापुढं बी.ए.ची तीन पोरं, प्रकल्पासाठी आलेली. काउंटरवरच्या गड्यानं मान वर न करताच विचारलं, "पाण्याचं, कचऱ्याचं का कागदाचं?"

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. "कोणतंबी चालतंय," त्यातलं एक म्हणालं, "पण जाड पायजे."

गड्यानं ड्रॉवर ओढला, प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक मास्टर कॉपी काढली आणि काउंटरवर आपटली. "हे घ्या पाण्याचं. बेचाळीस पानं. निष्कर्षासहित."

निष्कर्षासहित! ही सोय गॅलिलिओच्या काळात असती तर तो बिचारा दुर्बिणीच्या भानगडीत पडलाच नसता. स्पायरल करून घेतलं असतं आणि म्हातारपणी सुखानं राहिला असता.

इकडं हे चाललेलं असतं आणि तिकडं कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयात 'विद्यार्थ्यांमधील सर्जनशीलतेला चालना' या विषयावर एकदिवसीय कार्यशाळा भरलेली असते. अशा तीन-चार कार्यशाळांना मी जेवून आलोय. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, बुके. मग पाहुणे पडद्यावरच्या स्लाइड वाचून दाखवतात आणि चौकटीबाहेर विचार करा म्हणून सांगतात. टाळ्या होतात. त्यानंतर हजेरीपत्रक फिरतं आणि त्यावर चौकटीतच सही करायची असते. चौकटीबाहेर गेली तर प्रमाणपत्र मिळत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर सर्जनशीलतेला पहिल्या पंगतीत बसवलंय. आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून आलं. क्षेत्रीय प्रकल्प आला, समाजसहभाग आला, त्यांना दोन-दोन क्रेडिट आले. धोरण म्हणतं, पोरांनी वर्गातून उठून गावात जावं, डोळे उघडे ठेवावेत. पोरं उठली, बाहेर पडली आणि झेरॉक्सच्या दुकानापर्यंत गेली. तेवढा समाजसहभाग झाला.

अर्थात, हसायचा अधिकार मला नाही. सात-आठ वर्षांपूर्वी मीही जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत सीएचबीवर होतो. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. जितके तास घेतले तितके पैसे, तेही पुढच्या वर्षीच्या पोळ्याला. सकाळी मानवतला एक तास, दुपारी परभणीला दोन. मी मराठीचा माणूस, पण पर्यावरण हा विषय 'ज्याला तास कमी पडतात त्यानं घ्यावा' या जातीचा. तो माझ्या गळ्यात पडला आणि त्याच्यासोबत शंभरावर प्रकल्पांच्या फायली पडल्या. फाईल तपासण्याचे पैसे नव्हते. वाचण्याचे तर नव्हतेच.

खरं तर हा विषय फार चांगल्या घरचा आहे. एम. सी. मेहतांच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, मग विद्यापीठ अनुदान आयोगानं सगळ्या शाखांच्या पदवीला पर्यावरण सक्तीचं केलं. त्या नमुना अभ्यासक्रमात १०० पैकी २५ गुण बाहेर हिंडण्याला ठेवले होते. जवळची नदी, टेकडी, गवताळ रान बघा. एखादी घाण झालेली जागा बघा. झाडं, किडे, पाखरं ओळखा. तळ्याकाठी बसा. म्हणजे न्यायालयानं, आयोगानं आणि केंद्र सरकारनं मिळून पोराला सांगितलं होतं की बाबा, हिंड. आपल्याकडं पोरगं हिंडायला लागलं की बापाला फोन जातो. शासन स्वतः हिंड म्हणत होतं, तर आम्ही त्याच्या हातात नमुना दिला.

होय, मीच दिला. फळ्यावर लिहून दिला: प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, व्याप्ती, मर्यादा, निष्कर्ष, आभार.

फायली आल्या. मी पहिलं पान बघायचं, शेवटचं पान बघायचं, मधल्या पानांवर टिका मारत जायचं, अशी रीत होती. दोन बोटांत पानं सरकवत टिका मारायचं ते कसब मला एका ज्येष्ठांनी शिकवलं होतं. एका फाईलीत पानं चिकटलेली निघाली म्हणून हात थांबला आणि चुकून एक वाक्य वाचलं गेलं. 'आमच्या सोसायटीत रोज सकाळी घंटागाडी येते व आम्ही ओला कचरा हिरव्या डब्यात आणि सुका कचरा निळ्या डब्यात टाकतो.'

पोरगं जिंतूर तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका वाडीचं. त्या वाडीत सोसायटी एकच, पीककर्ज देणारी. तिच्यात ओलं काही नसतं, सगळी कोरडी थकबाकी.

बोलावून घेतलं. "काय रे, तुमच्या वाडीत घंटागाडी येते?"

"कुठली घंटागाडी सर? एसटीच येत नाही."

"मग हे कामून लिहिलं?"

पोरगं जरा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं, "सर, तुम्हीच म्हणलाव की, नमुन्याप्रमाणं पाहिजे."

मी त्याला अठरा गुण दिले. तुम्ही म्हणाल, अठराच का? कारण सोळाच्या खाली दिले की पालक येतात आणि बावीसच्या वर दिले की विभागप्रमुख येतात. अठराला कुणीच येत नाही.

आता काळ पुढं गेलाय. झेरॉक्सवाल्याच्या ड्रॉवरला मोबाईलची स्पर्धा आहे. चॅटजीपीटीला नुसता विषय सांगितला की 'आजच्या आधुनिक युगात' असं म्हणून ते जे सुरू होतं ते आभारापर्यंत थांबत नाही. प्राध्यापक मंडळी हादरली आणि त्यांनी तोडगा काढला: फाईल हस्ताक्षरातच पाहिजे. म्हणून आता पोरगं मोबाईल तांब्याला टेकवून उभा करतं आणि बघून बघून वहीत उतरवतं. मोबाईल व्यास आणि पोरगं गणपती. पण खऱ्या गणपतीला व्यासांनी अट घातली होती, अर्थ कळल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. ती अट आपल्या अंतर्गत मूल्यमापनात बसत नाही.

आणि मोबाईलवर तरी कशाला चिडायचं? 'आजच्या आधुनिक युगात' हे वाक्य त्याच्या बापाचं नाही, आपलं आहे. पिढ्यान् पिढ्या आपण ते पोरांकडून गिरवून घेतलं, त्यानं फक्त पाठ केलं. एवढा आज्ञाधारक विद्यार्थी आपल्याला वर्गात मिळाला असता तर आपण त्याला बावीस दिले असते.

शेतीचं शिक्षण तरी बरं असेल, मातीशी संबंध येतो, असं वाटत होतं. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाची पोरंपोरी गावात येऊन राहतात. पोरं कृषिदूत, पोरी कृषिकन्या. ग्रामीण कृषी कार्यानुभव असं त्या सगळ्याला म्हणतात आणि अभ्यासक्रमात यापेक्षा चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही. त्यात एक दिवस गावाचा नकाशा काढायचा असतो, जमिनीवर, रांगोळीनं. मागं पूर्णा तालुक्यातल्या एका गावात मी तो बघितला. पोरं कुठल्या महाविद्यालयाची ते सांगत नाही, पोरं गोड होती. मारुतीच्या पारासमोर सडा टाकून पांढऱ्या रांगोळीचे रस्ते, निळ्या रांगोळीचा ओढा, हिरवं शिवार. शाळेवर झेंडासुद्धा काढला होता. गावकरी कडेनं उभे. उभे म्हणजे उभे केलेले, कारण फोटो काढायचा होता आणि फोटोत शेतकरी पाहिजेत.

एक म्हातारा बराच वेळ त्या निळ्या रेघेकडं बघत होता. मग धोतर सावरून खाली बसला आणि बोटानं ती रेघ पुसायला लागला. "ओढा हितून न्हाई जात. हितून जायचा. त्या सालच्या पाण्यानं बांध फोडला तवापासून असा वळलाय, भोसल्याच्या वावरातून. त्याची दीड एकर गेली." असं म्हणून त्यानं निळी रांगोळी चिमटीत घेतली आणि सरळ हिरव्या शिवारातून ओढ्याला वळण दिलं. बाजूच्या बाईनं लगेच सांगितलं, "आन् ती हिर आटलीय, तिच्यात निळं कामून भरलंय?"

मास्तर घाईघाईनं पुढं आले. "बाबा, ते नंतर. आधी फोटो होऊ द्या." एका पोरीनं बिचारीनं ओढा परत सरळ केला. फोटो झाला. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, कात्रण फाईलीला लागलं. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या, काळात अशा फोटोंवर जिओटॅग असावा लागतो. म्हणजे उपग्रहाला पक्कं कळलं असणार की आपण नेमक्या कुठल्या जागेवर ओढा चुकीचा काढला.

गावकऱ्यांकडून नकाशा काढून घ्यायच्या या पद्धतीचं मोठं नाव म्हणजे इंग्लंडमधल्या ससेक्सचे रॉबर्ट चेंबर्स. ते जन्मभर एकच गोष्ट सांगत राहिले: नकाशा काढायची काडी गावकऱ्याच्या हातात द्या आणि शिकलेल्या माणसानं बाजूला बसून बघावं. काडी द्यायला आपण तयार आहोत. फोटोपुरती.

परभणीला सर्जनशीलतेचं वावडं आहे असं नाही. जगात जर्मनी आणि भारतात परभणी म्हणणारा हा मुलूख, नुसत्या म्हणीत एवढी झेप घेतो. सातोन्याचे भगवान रघुनाथ कुलकर्णी, म्हणजे बी. रघुनाथ, मॅट्रिक होऊन निजामाच्या बांधकाम खात्यात कारकून झाले. दिवसभर खडी-मुरुमाच्या नोंदी आणि उरलेल्या वेळात कविता, कथा, कादंबऱ्या. १९५३ च्या सप्टेंबरात कचेरीतच गेले, वय जेमतेम चाळीस. बांधकाम खातं कवितेला क्रेडिट देत नव्हतं. आज त्यांच्या नावाचं सभागृह आहे आणि त्यांच्यावर आमच्या पोरांची फाईल आहे. तीही निष्कर्षासहित.

१९९५ चं साहित्य संमेलन परभणीत भरलं. अध्यक्ष नारायण सुर्वे. गिरणी कामगारानं उचलून वाढवलेलं पोर, शाळेत शिपाई होतं, पुढं मुंबईतच मास्तर झालं. त्यांच्या १९६६ च्या संग्रहाचं नाव 'माझे विद्यापीठ'. त्या विद्यापीठाला नॅकची पीअर टीम आली असती तर कुठं उतरली असती देव जाणे, फूटपाथवर गेस्ट हाऊस नव्हतं.

अशी नावं सांगितली की लगेच कुणीतरी म्हणतं, बघा, प्रतिभेला कॉलेज लागत नाही. मला ते पटत नाही. त्यात आमची सुटका फार स्वस्तात होते. जनाबाई गंगाखेडची, तिनं काय पदवी घेतली होती का, असं म्हणून आपण तिच्यावर एक टिपण पाठ करायला देतो आणि मोकळे होतो. वर्गातल्या पन्नास पोरांपैकी तीसजणांच्या घरी जात्यावर बसलेली आजी असायची. तिला विचारून ये, एवढंसुद्धा सांगितलं नाही. विचारायला कोण आलं? पुण्याहून हेमा राईरकर आल्या, आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ आले. गावोगाव जात्यापाशी बसून त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ते आपल्या ताडकळसलाही येऊन गेले. तिथल्या एका बाईंनी गायलेल्या सीतेच्या वनवासाच्या ओव्या आज जगात कुणीही ऐकू शकतं. आमच्या मराठी विभागात त्या वर्षी प्रकल्पाचा विषय काय होता ते मला आठवत नाही. 'संत साहित्यातील भक्तिभाव' असणार. तोच असतो.

कॉलेजातून, विद्यापीठातून काही निघत नाही असंही नाही. परभणीत एक क्रांती झालेली आहे आणि ती भेंडीत झालेली आहे. पुसा सावनी नावाची भेंडी होती. सगळीकडं लावायचे, दिसायला सरळ, कह्यात राहणारी. पण शिरा पिवळ्या पडण्याचा व्हायरस आला की वावरच्या वावर जायचं. इथल्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी तिचा संकर एका रानटी भाऊबंदाशी केला. त्या रानभेंडीला भाजी म्हणून कुणी विचारत नव्हतं, पण रोगाला ती दाद देत नव्हती. पहिली पिढी धड इकडची ना तिकडची. मग पुन्हा घरच्या भेंडीशी संकर, पुन्हा, पुन्हा. असं करत ऐंशीच्या दशकात जे वाण आलं त्याचं नाव 'परभणी क्रांती'. तुमच्या आईनं फोडणीला टाकली असेल, नाव माहीत नसताना.

यातली रानटी भेंडी सबमिशनला आली असती तर प्रस्तावना नाही म्हणून परत गेली असती.

एक आली होती. तीही सांगून टाकतो. त्याच वर्षी, त्याच गठ्ठ्यात. अकरा पानं, स्पायरल नाही, दाभणानं टोचून दोऱ्यानं बांधलेली. पहिल्या पानावर पहिलंच वाक्य: 'मी संध्याकाळी सहा ते नऊ ज्या झेरॉक्सच्या दुकानात काम करतो तिथं पर्यावरणाचे प्रकल्प विकले जातात.' मी खुर्चीत सरळ बसलो. पुढं त्यानं पंधरा दिवसांचा हिशेब मांडला होता. पाण्याचं किती गेलं, कचऱ्याचं किती गेलं, त्यासाठी पाचशे पानांच्या किती रिमी फुटल्या, मशीनमध्ये अडकून किती कागद वाया गेला. कागदाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेनानं उभ्या रेघा मारून, पाचवी रेघ आडवी, असं त्यानं मोजलं होतं आणि तो पुठ्ठाच कापून फाईलीला लावला होता. वाया गेलेला कागद रद्दीत आणि रद्दी भेळवाल्याकडं. त्या भेळेची एक पुडी उलगडून त्यानं पान नऊवर चिकटवली होती. तेल पाझरून पान दहासुद्धा पारदर्शक झालं होतं. पुडीवर वाचता येत होतं: 'प्रदूषणाची व्याप्ती'. तिखटाचा वास येत होता. उभ्या जन्मात वास येणारी फाईल मी तेवढी एकच तपासली.

शेवटच्या पानावर निष्कर्ष असं लिहून पुढं एवढंच होतं: 'मोजायलोय अजून.'

मी तेवीस दिले. फाईल वरती गेली. ज्येष्ठांनी चिमटीत धरून पान नऊ बघितलं आणि विचारलं, "हे तेलकट काय आहे?" मी सांगायला लागलो. त्यांनी ऐकूनही घेतलं, हसलेसुद्धा, माणूस वाईट नव्हता. मग म्हणाले, "पोरगं हुशार आहे, पण निष्कर्ष नाही, आभार नाहीत. उद्या कुणी फेरतपासणी मागितली तर?" तेवीसाचे सतरा झाले. खोडलेल्या आकड्याशेजारी सही माझीच घेतली. मी केली. पुढच्या वर्षी मला तास मिळाले. सहीचा त्याच्याशी संबंध होता असं मी म्हणत नाही, पण मी केली.

ते पोरगं नंतर भेटलं नाही. त्याच्या फाईलीची गाठ पडली ती परवा, आधार कार्डाच्या नादात. पोरं पाण्याचं घेऊन गेल्यावर मला ते 'कागदाचं' आठवलं. म्हटलं, बघू बरं.

गड्यानं ड्रॉवरच्या तळातून काढून दिलं. रंगीत कव्हर, त्यावर हिरवं झाड आणि पृथ्वीचा गोळा. पहिल्या पानावर 'मी संध्याकाळी सहा ते नऊ ज्या झेरॉक्सच्या दुकानात काम करतो'. पान नऊवर पुडीच्या जागी एक काळा डाग, झेरॉक्समध्ये तेल काळं येतं.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"आधी हितं एक पोरगं कामाला होतं, त्याचं. आता पुण्याला कंपनीत हाय. लई चालतंय हे. सेमिस्टरला तीस-चाळीस प्रती जात्यात."

शेवटचं पान उलटलं. 'निष्कर्ष: कागद वाचवा, झाडे जगवा, पृथ्वी वाचवा.' खाली आभार, मान्यवर प्राचार्यांपासून आईवडिलांपर्यंत.

"हे त्यानं लिहिलं नव्हतं," मी म्हणालो.

"न्हाई," गडी म्हणाला, "निष्कर्षच नव्हता त्याला. आम्ही टाकला. घ्यायचंय का?"